तुळशीराम मिस्त्रींचा उजवा पंख

नोकरी कशात, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, वाऱ्यात. लग्नकार्यात नव्याने ओळख झालेले पाहुणे मग मला हवामान खात्यातला समजून यंदा पाऊसपाणी कसं, हे विचारायचे. सुरुवातीची काही वर्षं मी त्यांना समजावून सांगत बसलो. पुढे पुढे 'बरं आहे' म्हणून सरळ पंगतीत बसायला लागलो.

नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात साठच्या दशकाच्या अखेरीस मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो आणि केस पांढरे होईपर्यंत एकाच यंत्राच्या चाकरीत राहिलो. त्या यंत्राला विंड टनेल म्हणतात, म्हणजे वाऱ्याचा बोगदा. पत्र्याची एक भलीमोठी नळी, फिरून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळणारी. तिच्यात एका ठिकाणी पंखा आणि दुसऱ्या ठिकाणी काचेच्या दारांची पेटी. विमान हवेतून जाताना त्याच्या अंगावर काय होतं हे पाहायला विमानामागे कोण धावणार? म्हणून छोटा नमुना पेटीत घट्ट बसवायचा आणि वाराच त्याच्या अंगावरून पळवायचा. आमचा पंखा पूर्ण जोरात लागला की शेजारच्या वर्गातले मास्तर शिकवणं थांबवायचे, आणि पोरं मनातल्या मनात मला दुवा द्यायची.

बाहेरची माणसंही यायची. इतवारीतला एक मंडपवाला एकदा वीतभर उंचीचा मंडप घेऊन आला. खरं कापड, खऱ्या दोऱ्या, झालरीसुद्धा शिवलेल्या. त्याचा मंडप किती वारा सोसेल हे त्याला पाहायचं होतं. मी पंखा नुसता चालू केला, तर मंडप उडाला आणि पुढच्या जाळीला जाऊन चिकटला. त्याने बोगद्याला हात जोडले, म्हणाला, आजपासून दोर दुप्पट. असा भाविक माणूस मला पुन्हा भेटला नाही.

पण आमचं रोजचं काम दाब मोजण्याचं. पंखाच्या पाठीवर वारा धावतो तेव्हा तिथला दाब कमी होतो, पंख वर ओढला जातो, आणि एवढ्यावरच ती अगडबंब विमानं उडतात. हे मी हजारदा पाहिलं असेल, तरी प्रत्येक वेळी मनात येतं, कमाल आहे बुवा. हा दाब मोजायला पंखाला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडायची, प्रत्येक भोकाला आतून बारीक नळी जोडायची, आणि त्या नळ्या बाहेर लाल पाणी भरलेल्या काचेच्या नळ्यांना लावायच्या. पाणी वरखाली झालं की दाब कळला. बारा भोकं असली तर बारा जागांचा दाब कळतो. मधल्या जागांचं काय, तर अंदाज.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी पाटणकर सर आमचे विभागप्रमुख झाले. पुण्याकडचे, सडसडीत, बोलायला गोड पण एकदा मत झालं की खांबासारखे उभे. परदेशातल्या एका मासिकात त्यांनी वाचलं की आता भोकांची गरज नाही, पंखाला एक रंगच असा फासतात की तो दाब दाखवतो. मला वाटलं, सर थट्टा करताहेत. पण रसायनशास्त्राच्या बाईंनी तीन महिने खपून, रबरासारख्या एका चिकात एक रसायन कालवून, तसा रंग खरंच तयार केला. दिवसा पाहिला तर फिकट, मळकट, घराच्या मोरीलाही कुणी लावणार नाही असा.

त्या रंगाचा गुण असा. त्याच्यावर जांभळ्या दिव्याचा उजेड टाकला की तो नारिंगी उजळतो. हवेतला प्राणवायू मात्र त्याचं तेज विझवत असतो. जिथे हवा दाबून बसली आहे तिथे प्राणवायू जास्त, म्हणून रंग मंद. जिथे वाऱ्याने दाब कमी केला तिथे रंग तेजाळतो. पहिल्यांदा खिडक्यांना काळं कापड लावून, जांभळा दिवा पेटवून मी पंखा चालू केला, आणि पंखाची पुढची कड माझ्या डोळ्यांदेखत उजळत गेली. फार नाही, नीट पाहिलं तरच कळावं इतकीच. पण मी पाहिलं. वीस वर्षं ज्याला आम्ही भोकाभोकातून चाचपडत होतो तो वारा समोर आपण होऊन दिसत होता. माझ्या अंगावर काटा आला. सरांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि चष्मा परत लावला.

ती डाव्या-उजव्या पंखांची जोडी केली होती तुळशीराम मिस्त्रींनी. कॉलेजच्या वर्कशॉपमधले सुतार, निवृत्तीला तीन महिने उरलेले, राहायला लकडगंजात, लाकूड कापायच्या आरामशीनच्या मागे. सागवानाचे नमुने त्यांच्याइतके कुणाला जमत नसत. नकाशाप्रमाणे पंखाच्या गोलाईचे पत्र्याचे फर्मे ते आधी कापून घेत. लाकूड तासत आणलं की फर्मा पंखाच्या पाठीवर ठेवून उजेडाकडे धरायचा. फर्मा आणि लाकूड यांच्यामधून उजेड दिसला तर चूक आहे, नाही दिसला तर बरोबर. उजेड दिसेनासा झाल्यावरसुद्धा मिस्त्री डोळे मिटून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, अजून रायलं हाये. मग काचेचा एक तुकडा घेऊन इतकं हलकं खरवडायचे की खाली पडलेला भुसा फुंकरीने उडायचा. त्यांना रंगाचं फार कौतुक नव्हतं. 'तुमचा रंग पाह्यते, माहा अंगठाही पाह्यते,' एवढंच म्हणाले.

आता या रंगाची खोड सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. हा रंग दाबाने मंद होतो तसा उष्णतेनेही होतो. पंख थोडा तापला तरी रंग फिका पडतो आणि फोटो म्हणतो, इथे दाब वाढला. दाबाने फिका की तापाने, हे रंग स्वतः सांगत नाही. आम्ही प्रत्येक वेळी दोन फोटो काढायचो. एक वारा नसताना, एक वारा असताना. दिव्याचा उजेड कमीजास्त, रंगाचा थर जाडपातळ, हे दोन्ही फोटोंत सारखंच असतं, म्हणून एकाला दुसऱ्याने भागलं की ते निघून जातं आणि उरतो तो वाऱ्याचा परिणाम. सरांनी मला बजावलं होतं, 'बाकी सगळं भागाकारात जातं, पण तापमान सांभाळा. पंख तापू देऊ नका.'

सर म्हणाले तापू देऊ नका, आणि मी पडलो कामाचा. मे महिना. नागपूरचा मे, त्यात सगळ्या खिडक्यांना काळी कापडं. आतलं वर्णन मी करत नाही, ज्याने भोगलं त्याला माहीत. मी वर्कशॉपमधून पत्र्याची पेटी बनवून घेतली, वाळ्याचे पडदे लावले, पाण्याचा छोटा पंप बसवला, आणि डाव्या भिंतीशी झकास कुलर उभा केला. फोटो काढायच्या आधी काचेच्या पेटीचं डावं दार उघडायचो, पंख पुसायचो, दिवे नीट करायचो, आणि पंधरा मिनिटं कुलरची थंडगार हवा पंखाला खाऊ द्यायचो. मग कुलर बंद, दार बंद, पहिला फोटो. मग वारा, आणि दुसरा फोटो. सरांना सांगितलं तेव्हा तेही खूश झाले. मी तर आठ दिवस कॉलर ताठ करून फिरलो.

फोटो धुऊन, फिल्मवरचा काळेपणा जागोजाग मोजून सरांनी हिशेब मांडला आणि त्यांचा चेहरा पडला. डावा पंख आणि उजवा पंख सारखे यायला हवे होते. भोकं फक्त डाव्या पंखाला होती. तिथे रंग किती उजळला म्हणजे दाब किती, ही मोजपट्टी पाण्याच्या नळ्यांशी जुळवून घेतली होती, त्यामुळे डाव्यात शंकेला जागा नव्हती. उजव्यावर मात्र दाब फार कमी दिसत होता, म्हणजे ओढ जास्त. दोनदा केलं, तीनदा केलं, तेच. सरांनी निष्कर्ष काढला की उजव्या पंखाची पाठ जास्त फुगीर झाली आहे.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी रंग पुसून उजव्या पंखावर फर्मा ठेवला, दाराकडे नेऊन उजेडाला धरला. मीही वाकून पाहिलं, केसाएवढी फट नव्हती. मिस्त्री म्हणाले, बरोबर हाये. सरांनी त्यांच्यापुढे फोटो ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, 'मिस्त्री, तुमचा फर्मा चार ठिकाणी पाहतो, हा सगळीकडे पाहतो. फोटो खोटं बोलत नाही.'

मिस्त्री कधी भांडले नाहीत आयुष्यात. त्या वर्षी त्यांना नुकताच चष्मा लागला होता, तो काढून त्यांनी त्याच्या काचांकडे पाहिलं. मग पंख काखेत मारून गेले आणि स्वतःच्या फर्म्याविरुद्ध, स्वतःच्या अंगठ्याविरुद्ध, उजव्या पंखाची पाठ पुठ्ठ्याच्या जाडीएवढी खरवडून आणली. पुन्हा रंग दिला, पुन्हा कुलर, पुन्हा फोटो. दोन्ही पंख जवळपास जुळले. सर म्हणाले, पाहिलंत? त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पण मिस्त्री दारात उभे होते, ते माझ्याकडे वळून म्हणाले, 'माह्या हातातलं गेलं गा आता.' दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रजा टाकली ती निवृत्तीच्या तारखेपर्यंतची. सदतीस वर्षं ज्या हातावर भरवसा ठेवला तो शेवटच्या तीन महिन्यांत दगा देतो, असं समजून तो माणूस घरी बसला.

पुढचं मला सांगायला जड जातं. तीनेक आठवड्यांनी सरांनी त्यांच्या शोधनिबंधासाठी आणखी काही फोटो काढायला सांगितलं. त्या दिवशी वाळा सुकला होता, पंप अडकला होता, त्या खटपटीत मी वारा नसतानाचा फोटो काढायचाच विसरलो. वारा बंद केल्यावर लक्षात आलं. फिल्मवर जागा होती. मी विचार केला, वारा नसतानाचा फोटो आधी काढला काय नि नंतर काढला काय, वारा नाही म्हणजे नाही. पंखा थांबला तशी लगेच खटका दाबला आणि गप्प राहिलो.

मोजमापं या वेळी मीच घेतली आणि पुन्हा एकदा पडताळली. उजवा पंख बिघडलेला दिसत होता, आणि पहिल्यापेक्षा उलट बाजूने. पाठीवर जिथे ओढ हवी तिथे एक बसकट पट्टा, तिथे ओढ कमी. मी फोटो उजेडात धरला. तो पट्टा कशाचा हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मिस्त्रींनी काच फिरवली होती ती जागा. पुठ्ठ्याएवढं लाकूड गेलं होतं आणि वाऱ्याला ते कळलं होतं, रंगाने ते जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. मी पुन्हा केलं. फोटो वाऱ्यानंतर काढला की पट्टा दिसायचा. कुलर लावून वाऱ्याआधी काढला की दोन्ही पंख जुळायचे. मग मी कुलर लावून, दार उघडून, आत हात घातला. डावा पंख गारेगार होता. उजवा, कुलरपासून लांबचा, कोमट.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. वारा फिरून फिरून तापतो आणि दोन्ही पंखांना सारखंच तापवतो. पण माझ्या पहिल्या फोटोत डावा पंख थंड, म्हणून उजळ, आणि उजवा गरम, म्हणून मंद. त्यामुळे भागाकारात उजवा वाऱ्याने उगाच जास्त उजळलेला, म्हणजे कमी दाबाचा, ठरायचा. फरक माझ्या कुलरचा होता, आम्ही तो मिस्त्रींच्या नावावर मांडला होता. पंख थंड ठेवण्यात अर्थच नव्हता. दोन्ही फोटोंच्या वेळी तो सारखा असायला हवा, गरम तर गरम. वारा थांबताक्षणी फोटो घेतला की पंख अजून तेवढाच तापलेला असतो आणि तापमानही भागाकारात निघून जातं. परदेशात लोक हेच करतात, हे मला फार पुढे कळलं. मला ते विसरभोळेपणाने सापडलं.

आता सापडलं म्हटल्यावर धावत जाऊन सांगायला हवं होतं की नाही? मी आठ दिवस सांगितलं नाही. कुलर माझा, कौतुक माझं झालेलं, सरांचा निबंध टाइप होत आलेला. मी मनाला समजावत होतो की मिस्त्री तसेही निवृत्तच होणार आहेत. खाई त्याला खवखवे म्हणतात, मी अर्ध्या ताटावरून उठायला लागलो. नवव्या दिवशी बायको म्हणाली, तुम्ही कोणाचं काय केलं आहे ते एकदा निस्तरून या. मी तिला काहीएक सांगितलेलं नव्हतं.

सरांसमोर उभा राहून मी सगळं ओकलो. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी तीनदा प्रयोग करायला लावला, तिसऱ्या वेळी स्वतः पेटीत हात घालून दोन्ही पंख चाचपले. मग टाइप केलेला निबंध खणात टाकला आणि म्हणाले, 'तापमान सांभाळा म्हणालो, ते कसं हे मी सांगितलं नाही. आणि फोटो खोटं बोलत नाही, हेही मीच म्हणालो होतो. चला, स्कूटर काढतो.'

लकडगंजात मिस्त्रींच्या घरात आरामशीनचा आवाज सारखा येत होता. मिस्त्री बाजेवर बसले होते. त्यांच्या घरी मी पूर्वी गेलो होतो तेव्हा भिंतीवर रंधे, पटाश्या ओळीने टांगलेल्या होत्या. आता खिळे नुसते होते, अवजारं गोणपाटात बांधून कोपऱ्यात. सरांनी हात जोडले. मी फोटो पुढे केला आणि कुलरचं सगळं सांगितलं, आठ दिवस गप्प बसलो तेही सांगितलं. मिस्त्रींनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. त्या बसकट पट्ट्यावर अंगठा ठेवला. मला वाटलं, आता बोलतील काहीतरी, ऐकायची तयारी ठेवूनच आलो होतो.

'तुह्या कुलरचा काय दोष गा,' ते म्हणाले. 'फर्मा बरोबर म्हनत होता. हात बरोबर म्हनत होता. मी काहून कापलं? मीच नाही ऐकलं माह्या हाताचं.'

मिस्त्रींच्या बायकोने पाणी आणून दिलं, ते आमच्या हातात तसंच राहिलं. नवा उजवा पंख करून द्याल का, हे विचारायचं धाडस दोघांनाही होईना. शेवटी मिस्त्रींनीच विचारलं, सागवान हाये का कोरडं, का मी पाहू.

रजा मोडून ते अकरा दिवस आले. वर्कशॉपमध्ये सर रोज येऊन स्टुलावर बसून पाहायचे. मीही कामं टाकून जायचो. त्या अकरा दिवसांत मी जे पाहिलं त्याची तोड मला त्या रंगातही सापडली नाही. फर्म्यातून उजेड दिसेनासा झाला नवव्या दिवशी. उरलेले दोन दिवस मिस्त्री डोळे मिटून अंगठ्याने काम करत होते.

चाचणीच्या दिवसापर्यंत कुलर मी भंगारात देऊन मोकळा झालो होतो. पंखांवर बाईंनी तापमान सांगणाऱ्या चार बारीक तारा चिकटवल्या होत्या, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. त्या दिवशी आम्ही चौघं घामाने निथळत होतो. वारा दिला, फोटो घेतला, वारा थांबताक्षणी दुसरा घेतला. मोजमापं कागदावर मांडली तेव्हा डाव्या पंखाची रेघ कुठली आणि उजव्याची कुठली, हे सांगायला वर नावं लिहावी लागली. सरांनी तो कागद मिस्त्रींच्या हातात दिला.

मिस्त्रींना आनंद झाला होता, ते दिसत होतं. पण कागद घेऊन ते माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, 'तो पयला पंख. मी कापला तो. तो किती बरोबर होता, हे तुमच्या जुन्या फोटोत निंगन का?'

मी सरांकडे पाहिलं. जुने फोटो होते, पण त्या वेळी कुठला पंख किती थंड, किती गरम होता, हे कुणी मोजलंच नव्हतं. आता जगातला कुठलाही हिशेब ते सांगू शकत नव्हता. आणि ते लाकूड भुसा होऊन उडून गेलेलं. मी म्हणालो, 'नाही मिस्त्री. आता ते कोणालाच कळणार नाही.'

त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

'मले कळते,' ते म्हणाले. 'मंग मी सांगतो तुले. बरोबर होता.'